तुळयांवरची काजळी

पेशवाईचा इतिहास लिहिणारांनीं दप्तरें चाळलीं, बखरी तपासल्या, तहनामे ताडून पाहिले. परंतु त्या काळच्या माणसांच्या डोक्यावर अहोरात्र जें लांकूड होतें, तिकडे मान वर करून पाहण्याची तसदी फार थोड्यांनीं घेतली. वास्तविक मराठी वाडा म्हणजे मुख्यतः लांकडाचा सांगाडा. दगडी उथळ्यावर खांब, खांबाच्या माथ्यावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या आणि कड्यांवर पाट. चौकाभोंवतालच्या विटामातीच्या भिंती बहुधा मधल्या जागा भरण्यापुरत्याच. घर केवढें हें सांगतांनाही आमचे पूर्वज खणांत सांगत, आणि खण म्हणजे दोन तुळयांमधील जागा.

हें लांकूड सागाचें. सागाचें मोल राज्यकर्त्यांनीं फार पूर्वीं ओळखलें होतें. आरमारासाठीं लागणारा साग परवानगीनेंच तोडावा, असा रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राचा कटाक्ष आहे. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला गेला, तेव्हां त्यासाठीं साग जुन्नरकडील रानांतून आला असें सांगतात. २७ फेब्रुवारी १८२८ च्या आगींत आंतील इमारतींचें लांकूड जळालें. नगारखाना सोडला, तर मागें उरले ते तट, दरवाजे आणि जोतीं. लांकूड गेल्याबरोबर वाडाच गेला. १८०७ सालच्या विश्रामबाग वाड्याचें दैव बरें. १८७९ च्या मे महिन्यांतील आगीनें त्याचा कांहीं भाग नेला, तरी त्याचा नक्षीदार सागवानी सज्जा पाहणारास आजही थांबवितो.

असल्या नामांकित वाड्यांची काळजी वाहणारे कोणी ना कोणी असतात. आम्हांस चिंता वाटते ती सदाशिव, नारायण, कसबा या पेठांतल्या आणि वाई-साताऱ्याकडच्या निनांवी घरांची. यांतील पुष्कळ घरें पडलीं, आणि त्यांच्या तुळया घनफुटाच्या भावानें विकल्या गेल्या. जीं उरलीं, त्यांचा जीर्णोद्धार निघतो तेव्हां मालक हौसेनें म्हणतो, 'सगळें नव्यासारखें करा.' मग घासणीचें यंत्र येतें आणि चार दिवसांत दोनशें वर्षें भुकटी होऊन अंगणांत पडतात.

त्या भुकटींत काय गेलें, तें पाहावें. स्वयंपाकघरांतील तुळई काळी असते ती चुलीच्या धुरानें. देवघरापाशीं काळेपण कमी, पण चिकट, कारण तें समईच्या तेलाचें. पुढें भिंती वेगळ्या झाल्या, खोल्यांचीं नांवें बदललीं, तरी चूल कोठें होती हें तुळई विसरत नाहीं. दर्शनी बाजू रंध्यानें गुळगुळीत केलेली असते, तर माळ्याकडील बाजूवर वाकसाचे उथळ घाव जसेच्या तसे राहतात. सुतारानें श्रम कोठें खर्चिले आणि कोठें वांचविले, याचा तो हिशेबच होय. झोपाळ्याच्या कड्यांनीं पाडलेल्या खाचा, पाळण्याचा आंकडा, नदीकांठच्या घरांत १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरानें एखाद्या खांबावर ठेवलेली पाण्याची रेघ, यांची नोंद कोणत्याही दप्तरांत सांपडावयाची नाहीं.

याहून सूक्ष्म पुरावा लांकडाच्या आंत आहे. सागाच्या खोडांत वर्षागणिक एक वलय पडतें. उष्ण प्रदेशांतील फार थोड्या वृक्षांत तें इतकें स्पष्ट असतें. पुण्याच्याच उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं सागाच्या वलयांवरून गतकाळच्या पावसाचा अभ्यास केला आहे. परंतु झाड कोणत्या सालीं तोडलें हें ठरवावयाचें, तर सर्वांत बाहेरचें वलय हातीं लागावें लागतें. वाळवीला गाभ्यापेक्षां बाहेरचें फिकट लांकूड अधिक रुचतें, म्हणून जाणता सुतार तें तासून टाकी. तरीही एखाद्या तुळईच्या कोपऱ्यावर त्याची पट्टी राहून जाते. इतिहासाच्या दृष्टीनें ती पट्टी शिलालेखाइतकी मोलाची, आणि यंत्र पहिला घांस तिचाच घेतें.

मग तुळया काळ्याच ठेवाव्या काय? असें आमचें म्हणणें नाहीं. घरांत माणसांनीं राहावयाचें आहे, आणि मळाची पूजा करणें हा इतिहासप्रेमाचा कांहीं प्रकार नव्हे. पण क्रम पाळावा. आधीं छायाचित्रें काढावीं. मग तुळईचीं भिंतींत शिरलेलीं टोकें अरीनें टोंचून पाहावीं, कारण मधला भाग खणखणीत असतां तेवढें टोंकच ओलीनें कुजलेलें असतें. त्यानंतर मऊ कुंचल्यानें धूळ झाडावी. रिठ्याच्या कोमट पाण्यांत फडकें बुडवून, घट्ट पिळून, हातभर जागा पुसावी आणि लगेच कोरडी करावी. पाणी ओतूं नये, तें सांध्यांतील कुसवांत जाऊन बसतें. चिकट काजळी टर्पेंटाइननें सुटते. कॉस्टिक सोडा मात्र वर्ज्य समजावा. त्यानें मळ निघतो खरा, पण साग काळवंडतो. जुना तैलरंग असेल तर तो कोरडा घासणें धोक्याचें, कारण पूर्वींच्या रंगांत शिशाचा सफेता असे आणि ती धूळ लहान मुलांस विषासमान.

स्वच्छ झालेल्या तुळईस काय लावावें, याविषयीं सुतारांत मतभेद आहेत. कोंकणांत काजूच्या टरफलांचें तेल लावीत. तें कीड दूर ठेवतें, पण लांकूड फार काळें करतें आणि हातांस लागलें तर कातडी सोलवटते. चकचकीत नव्या वार्निशांविषयीं आमचें मत प्रतिकूल आहे: लांकूड पावसाळ्यांत फुगतें, उन्हाळ्यांत आकसतें, वरचा कडक पापुद्रा तडकतो, आणि दुसऱ्या खेपेस पुन्हां घासणें आलेंच. जवसाचें तेल टर्पेंटाइनमध्यें पातळ करून फडक्यानें चोळावें, अर्ध्या तासानें उरलेलें पुसून घ्यावें आणि कित्येक दिवस वाळूं द्यावें; हवें असल्यास शेवटीं मेणाचा हलका हात द्यावा. मात्र जवसाच्या तेलांत भिजलेलीं फडकीं बोळा करून माळ्यावर टाकूं नयेत. वाळतांना तीं आपोआप तापतात आणि पेट घेऊं शकतात. तीं उघड्यावर पसरून वाळवावीं किंवा पाण्यांत बुडवून ठेवावीं.