मधला कान

१८८५ च्या भारतीय तार कायद्यातलं कलम २६ आज फारसं कुणाच्या लक्षात नाही. तार खात्यातल्या नोकरानं पाठवायला आलेला मजकूर दडवला, बदलला, बेकायदा मधेच अडवला किंवा ज्याला कळायला नको त्याला सांगितला, तर तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मजकूर जाणून घेण्यासाठी तारघरात घुसणाऱ्या बाहेरच्या माणसासाठी वेगळं कलम होतं. चुकून हाती आलेली दुसऱ्याची तार मुद्दाम दाबून ठेवणाऱ्यासाठीही होतं. आज घरातला टीव्ही, दारावरचा कॅमेरा, मनगटावरचं घड्याळ आणि हाक मारली की उत्तर देणारा स्पीकर, सगळे इंटरनेटला जोडलेले असतात. त्यांच्या धोक्याबद्दल जो उपदेश ऐकू येतो, तो मात्र सगळा वापरणाऱ्यालाच: पासवर्ड बदला, अटी वाचा, कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवा. गेल्या दीडशे वर्षांचा अनुभव या उपदेशाच्या बाजूचा नाही. दोन माणसांच्या बोलण्याला जी काही गुप्तता लाभली, तिच्यात बोलणाऱ्यांच्या हुशारीचा वाटा थोडा होता. मध्ये बसलेल्याचे हात बांधले गेले, म्हणून ती मुख्यतः टिकली.

सावधगिरीला पूर्वी काहीच अर्थ नव्हता असं नाही. उलट ती तेव्हा सोपी होती. १ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचं पोस्टकार्ड आलं. ते उघडं आहे हे त्याच्याकडे पाहताच कळे. पोस्टमन वाचेल, शेजारी वाचेल, घरातलं शेंडेफळ मोठ्यानं वाचून दाखवेल, हे धरूनच त्यावर खुशाली लिहिली जाई आणि देण्याघेण्याच्या, भावकीच्या गोष्टी पाकिटात जात. तारेचंही तसंच. फॉर्म भरून खिडकीत द्यायचा, आणि शब्द मोजायचे म्हणजे बाबूला तो वाचावाच लागणार. ज्याच्या नावानं तार आली त्याला वाचता येत नसेल, तर ती आणणाऱ्यालाच वाचून दाखवावी लागे. व्यापाऱ्यांनी यावर सांकेतिक शब्दांचा तोडगा काढला. १८७० मध्ये समुद्राखालच्या तारेनं मुंबई सुएझला जोडली गेली, १८७३ मध्ये ए.बी.सी. कोड नावाचं व्यापारी संकेतांचं पुस्तक निघालं, आणि एका शब्दात आख्खं वाक्य बसवून भाव, माल, जहाज यांच्या बातम्या जाऊ लागल्या. यामागचं पहिलं कारण पैसे वाचवण्याचं होतं, कारण दर शब्दावर होता. गुप्तता ही त्यातली वरकड कमाई. पण कोण वाचणार, कुठे वाचणार आणि काय वाचणार हे पाठवणाऱ्याला ठाऊक होतं, म्हणून तो हिशेब करू शकत होता.

टेलिफोननं हा हिशेब अवघड केला. १८८२ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास इथे ओरिएंटल टेलिफोन कंपनीची एक्स्चेंजेस सुरू झाली. समोर भोकांची फळी, प्रत्येक भोक म्हणजे एक वर्गणीदार. कुणी फोन उचलला की त्याची खूण पडे, ऑपरेटर आपली दोरी त्या भोकात खुपसून नंबर विचारी आणि दोरीचं दुसरं टोक हव्या त्या भोकात घाली. बोलणं संपलं की नाही हे पाहायला तिला मधूनमधून कळ दाबून कान द्यावाच लागे. म्हणजे ऐकणं हा गैरप्रकार नव्हता, कामाचाच भाग होता. ट्रंक कॉलच्या काळात तर ती उघडपणे संभाषणात येई. तीन मिनिटं झाली, वाढवू का, असं ऐन रडारडीत किंवा ऐन सौद्यात विचारी. आणि ज्यांच्याकडे फोनच नव्हता त्यांचा पी.पी. नंबर असे. लग्नपत्रिकेवर, व्हिजिटिंग कार्डावर शेजाऱ्याचा नंबर छापून पुढे कंसात ‘पी.पी.’ लिहायचं. फोन आला की खालून हाक येई, माणूस जिना उतरून परक्या बैठकीच्या खोलीत उभा राही आणि ऐकणाऱ्या चार जणांसमोर नोकरीची, आजारपणाची, स्थळाची गोष्ट तुटक शब्दांत उरकी. काय बोललं हे चाळीला संध्याकाळपर्यंत कळलेलं असे. पण ते चाळीपुरतं राही, आणि काही महिन्यांत विरून जाई. ऑपरेटरच्या कानाचंही तेच. ट्रंक कॉलच्या तिकिटावर नंबर आणि वेळ उरे. शब्द उरत नसत.

मधल्या माणसाला काढूनच टाकण्याची कल्पना एका अंत्यविधी करणाऱ्या व्यावसायिकाची. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतल्या अल्मन स्ट्राउजरला संशय होता की एक्स्चेंजमधून त्याची गिऱ्हाइकं प्रतिस्पर्ध्याकडे वळवली जातात. ऑपरेटर त्या प्रतिस्पर्ध्याची बायकोच होती, अशी कथा सांगतात. खरी असो नसो, संशय मात्र उद्योगी निघाला. १८९१ मध्ये त्याला स्वयंचलित स्विचचं पेटंट मिळालं आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट इथे तसं पहिलं एक्स्चेंज चालू झालं. भारतात पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज १९१३–१४ च्या सुमारास सिमल्याला आलं, आणि १९६० च्या नोव्हेंबरात कानपूर–लखनौ मार्गावर एस.टी.डी. सुरू झाली, तेव्हा ट्रंकची ऑपरेटरही बाजूला होऊ लागली. लोकांना वाटलं, यंत्राला कुतूहल नसतं, तेव्हा प्रश्न मिटला. माझ्या मते आजच्या घोटाळ्याचं मूळ या समजुतीत आहे. माणूस गेला, त्याच्याबरोबर त्याच्यावरची जबाबदारीही विस्मरणात गेली, आणि तारेवर एकच कान उरला असं सगळे धरून चालले: सरकारचा.

इथे एक रास्त आक्षेप येतो. ज्या कायद्याचं कौतुक चाललं आहे तो वसाहतीचा कायदा होता. कलम २६ नं कारकुनाचं तोंड बंद केलं, पण कलम ५ नं सरकारला तारा ताब्यात घ्यायची आणि संदेश अडवायची मुभा दिली. म्हणजे चोरून ऐकण्याची मक्तेदारी सरकारकडे राहावी म्हणून बाकीच्यांना मनाई. आक्षेप खरा आहे आणि स्वातंत्र्यानंतरही तो खोटा ठरला नाही. १९८६ मध्ये संसदेनं टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही की परतही पाठवलं नाही, तसंच ठेवून दिलं. १९८८ मध्ये फोन टॅपिंगच्या आरोपांवरून कर्नाटकचे मुख्यमंत्री रामकृष्ण हेगडे यांना राजीनामा द्यावा लागला. अखेर डिसेंबर १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं टेलिफोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग मानला आणि टॅपिंगला अटी घातल्या: आदेश गृहसचिवाचा हवा, मुदत ठरलेली हवी, पुनर्विलोकन समिती हवी. आधी न्यायाधीशाची परवानगी घ्या, इथपर्यंत मात्र न्यायालय गेलं नाही. हे सगळं तुटपुंजं आहे असं म्हणता येईल, आणि मी म्हणेनही. तरी त्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. सरकारच्या कानावर जो लगाम आला, तोही नागरिकांनी फोनवर जपून बोलल्यामुळे आला नाही; ऐकणाऱ्याला आदेश, मुदत आणि नोंद यांत बांधल्यामुळे आला.

याआधीचा दुसरा धागा मुंबईतला आहे, आणि तो आजच्या उपकरणांच्या जास्त जवळचा आहे. १९६४ मध्ये मुंबईच्या कॉरोनरनं, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याची तक्रार झाली. पोलिसांनी मध्यस्थी करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरच्या फोनला त्याच्या संमतीनं टेपरेकॉर्डर जोडला आणि कॉरोनरचं बोलणं टिपलं. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की दोघांपैकी एकानं स्वतःच्या फोनवरचं बोलणं राजीखुशीनं ऐकू दिलं, तेव्हा तार कायद्याचा भंग झाला नाही. लाचखोर अधिकाऱ्याच्या बाबतीत हा निकाल कुणाला खटकणार नाही. पण ‘एकाची संमती पुरे’ हे सूत्र दिवाणखान्यात आणून ठेवून पाहा. टीव्ही पहिल्यांदा लावताना ‘मान्य आहे’ हे बटण घरातलं एकच माणूस दाबतं, बहुतेक वेळा क्रिकेटचा सामना सुरू व्हायच्या घाईत. त्याच्या एका बोटानं आजीची, मुलांची, कामाला येणाऱ्या मावशींची आणि पाहुण्यांचीही संमती धरली जाते.

आणि ज्याला काढून टाकलं असं वाटत होतं, तो मधला माणूस मुळी गेलेलाच नव्हता. २०१९ मध्ये ब्लूमबर्गनं बातमी दिली की अ‍ॅलेक्साशी लोक जे बोलतात त्याचे तुकडे ऐकून उतरवून घेण्यासाठी अ‍ॅमेझॉननं माणसं नेमली आहेत. बोस्टन, कोस्टा रिका, रोमानिया आणि भारतातसुद्धा. कंपनीचं म्हणणं होतं की अगदी थोडा नमुना, तोही यंत्राला भाषा नीट कळावी म्हणून. जुन्या ऑपरेटरचं ऐकणंही काम नीट व्हावं म्हणूनच होतं. फरक एवढा की ती आहे हे फोन करणाऱ्याला माहीत होतं. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं दारावरचे आणि घरातले कॅमेरे विकणाऱ्या ‘रिंग’विरुद्धच्या तक्रारीत म्हटलं की एका कर्मचाऱ्यानं स्त्रियांच्या खासगी जागांमधली हजारो चित्रणं कित्येक महिने पाहिली. ५८ लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याआधी २०१७ मध्ये ‘व्हिझिओ’ या टीव्ही कंपनीनं २२ लाख डॉलर भरले, कारण सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींवर काय पाहिलं जातं याची सेकंदासेकंदाची नोंद मालकांना नीट न सांगता घेऊन ती विकली जात होती. इथे चाळीतल्या आठवणीसारखं विरून जाणं नाही. साठवणं स्वस्त झालं आहे, पुसणं हेच जादा काम आहे, आणि आज निरुपद्रवी वाटणारी नोंद उद्या विमा, घटस्फोट किंवा नोकरीच्या वादात कुणाच्या हाती लागेल हे आज सांगता येत नाही. ‘आमच्याकडे लपवण्यासारखं काही नाही’ म्हणणाऱ्यांचा हिशेब इथेच चुकतो. पोस्टकार्डावर खुशाली लिहिणाऱ्याकडेही लपवण्यासारखं फार नसे, पण पाकीट कधी घ्यायचं हे ठरवणं त्याच्या हाती होतं.

मग वापरणाऱ्यानं स्वतः काळजी घेऊ नये का? घ्यावी, पण तिची मर्यादा २०१६ मध्येच दिसली. मिराई नावाच्या प्रोग्रॅमनं जगभरचे कॅमेरे, रेकॉर्डर आणि राउटर ताब्यात घेतले ते काही थोर तंत्रानं नाही. कारखान्यातून येणाऱ्या नाव–पासवर्डच्या साठेक जोड्या तो एकेक करून लावून बघत होता. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात अमेरिकेतली मोठमोठी संकेतस्थळं त्यामुळे काही तास बंद पडली, आणि ज्यांच्या कॅमेऱ्यांनी हे केलं त्यांना पत्ताही नव्हता. काही उपकरणांत तो पासवर्ड बदलायची सोयच धड नव्हती. शिवाय विकणारा निघून गेला तर? ‘रिव्हॉल्व्ह’ हे घरातले दिवे, कुलपं चालवणारं यंत्र २०१६ मध्ये नव्या मालक कंपनीनं सर्व्हर बंद करून निकामी केलं. पैसे मोजून घेतलेली वस्तू दुसऱ्याच्या निर्णयानं एका दिवसात विटेसारखी झाली. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं सीसीटीव्ही चित्रण विक्रीला आल्याचं उघड झालं. पकडलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुण होते. तपासणीच्या खाटेवर असलेल्या बाईनं कुठला पासवर्ड बदलायचा होता?

सप्टेंबर १९७२ च्या मलकानी निकालापासून ऑगस्ट २०१७ पर्यंतचा पल्ला मोठा आहे. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला आणि २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल डेटा संरक्षण कायदा आला. त्याच वर्षी १८८५ च्या कायद्याची जागा घेण्यासाठी नवा दूरसंचार कायदाही मंजूर झाला. नव्या डेटा कायद्यात सुरक्षेत कसूर करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, जो सरकारी तिजोरीत जातो. ज्याचं चित्रण फुटलं त्याला त्यातून काही मिळत नाही. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करणाऱ्या नागरिकालाही दहा हजारांपर्यंत दंड ठेवलेला आहे, म्हणजे सावधगिरी पुन्हा त्याच्याकडेच. सरकारला आपल्या यंत्रणांना या कायद्यातून सूट देता येते. कलम ५ चा वारसा शाबूत आहे. आणि व्यक्तीनं वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला कायदा लागूच होत नाही. त्यामुळे समोरच्या फ्लॅटच्या कॅमेऱ्यात आपलं दार दिवसभर दिसत असेल, तर या कायद्याखाली त्या शेजाऱ्याविरुद्ध दाद मागता येत नाही. कलकत्ता उच्च न्यायालयानं २०२५ मध्ये, एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं ठरवलं, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हात घातला नाही. एकाची संमती पुरे हे १९७२ चं सूत्र निदान घराच्या आत तरी त्यामुळे सैल झालं. मात्र तो निकाल घरात हक्कानं राहणाऱ्या भावासाठी होता. त्याच घरात भांडी घासायला येणाऱ्या बाईची संमती कुणी विचारायची, हा प्रश्न त्या खटल्यात कुणी उभा केला नव्हता.