नसलेल्या खांबाची गाडी

गेल्या वर्षी श्रावणात, अमेरिकेत मिशिगन राज्यात राहणाऱ्या माझ्या पुतण्याने एका जुन्या गाडीचे फोटो पाठवले. गाडी विकायला होती. १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर, दोन दारांची, फिकट निळी. जाहिरातीत तिला 'हार्डटॉप' म्हटले होते. "काका, तुम्ही या गाड्यांवर लिहिता ना? घेऊ का? किंमत जास्त वाटते, पण हार्डटॉपला तेवढा भाव असतो म्हणे."

मी फोटो मोठा करून पाहिला. दाराची काच आणि मागची काच यांच्या मधोमध छतापर्यंत गेलेला खांब स्पष्ट दिसत होता. "ही हार्डटॉप नाही," असे कळवले. लगेच त्याचा फोन आला. "अहो काका, छत चांगलं पत्र्याचं आहे की! मग हार्डटॉप नाही तर काय?"

त्याचा दोष नाही, शब्दच फसवा आहे. 'हार्डटॉप' म्हणजे कडक छताची गाडी, असा सरळ अर्थ घेतला तर आपली अ‍ॅम्बेसेडरसुद्धा हार्डटॉप ठरेल. अमेरिकन मोटारधंद्यात मात्र या शब्दाचा अर्थ छतापेक्षा खांबाशी बांधलेला आहे. चारही काचा खाली केल्या की पुढच्या काचेच्या चौकटीपासून थेट मागच्या कोपऱ्यापर्यंत मध्ये काहीच उरत नाही, ती हार्डटॉप. जे नाही त्यावरून ओळखायची गाडी.

दापोडीच्या एस.टी. कार्यशाळेत मी सव्वीस वर्षे भांडारात काढली. तिथे बसची बॉडी उभी राहताना रोज पाहायचो. आधी खांब, मग त्यावर छत, मग पत्रा. खिडकी ही दोन खांबांमधली उरलेली जागा, एवढेच आमचे शास्त्र. त्यामुळे मधला खांबच नसलेली गाडी उभी तरी कशी राहते, हा प्रश्न मला पडला आणि तिथूनच हा नाद लागला.

उत्तर या गाडीच्या जन्मात आहे. घडीचे कापडी छत असलेल्या कन्व्हर्टिबल गाडीला मधला खांब नसतोच. ती कसर भरून काढायला तिची चासी अधिक भक्कम केलेली असते. १९४६ साली क्रायसलरने टाउन अँड कंट्री या कन्व्हर्टिबलच्या धडावर दुसऱ्या एका कूपे गाडीचे पत्र्याचे छत बसवून पाहिले. अशा सात गाड्या केल्या आणि बेत तिथेच थांबला. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने तीच कल्पना ब्यूक रोडमास्टर रिव्हिएरा, कॅडिलॅक कूप डी व्हिल आणि ओल्ड्समोबिल ९८ हॉलिडे या तीन गाड्यांतून बाजारात आणली. ब्यूकमधले अधिकारी एडवर्ड रॅग्सडेल यांची पत्नी हौसेने कन्व्हर्टिबल घ्यायची, पण केस विस्कटतात म्हणून छत कधी उघडायची नाही, आणि त्यावरून ही कल्पना सुचली, अशी एक कथा वारंवार सांगितली जाते. कथा गोड आहे, म्हणूनच मी ती जरा जपून वापरतो. मात्र ग्राहकाचे मन तिने बरोबर पकडले आहे. उघड्या गाडीचा रुबाब हवा, वारा नको.

या रुबाबासाठी पहिल्या वर्षी लोकांनी जादा पैसेही मोजले. १९४९ची रिव्हिएरा त्याच मालिकेतल्या कन्व्हर्टिबलपेक्षा सुमारे पन्नास डॉलरने महाग होती. पुढच्याच वर्षी शेव्हरोलेने हे स्वप्न स्वस्त केले. १९५०च्या बेल एअरची किंमत १,७४१ डॉलर आणि शेव्हरोलेच्याच कन्व्हर्टिबलची १,८४७. त्या वर्षी ७६,६६२ बेल एअर विकण्यासाठी तयार झाल्या. श्रीमंतांच्या गाडीची छबी आता कारकुनाच्या आवाक्यात आली होती.

१९५५च्या मध्यावर ब्यूक आणि ओल्ड्समोबिलने चार दारांची हार्डटॉप काढली. इथे खरी कसोटी होती, कारण मागचे दार लटकवायचे कशाला? फिशर बॉडीच्या लोकांनी खांब पूर्ण काढला नाही. काचेच्या खालच्या कडेपर्यंत तो ठेवला, त्याला मागच्या दाराच्या बिजागऱ्या बसवल्या आणि वरचा भाग गाळला. दारे मिटली की तो बुटका खांब आत लपतो. वर्षभरात फोर्ड आणि क्रायसलरही त्याच वाटेने आले. आपल्याकडे मात्र जनरल मोटर्सचा मुंबईतला शिवडीचा कारखाना १९२८ पासून गाड्या जुळवत होता तो १९५४ मध्येच बंद झाला. चार दारांची हार्डटॉप शिवडीत कधी जुळवली गेली नाही.

न दिसणाऱ्या खांबाची किंमत मालकाला पुढे मोजावी लागायची. दाराच्या काचेला वरून चौकट नसल्याने ती थेट रबराच्या पट्टीवर टेकते. दार थोडे ओघळले किंवा रबर म्हातारे झाले की वारा शीळ घालतो आणि पाणी आत येते. ते पाणी उतरते खालच्या उंबऱ्यात, म्हणजे खांब नसल्याने ज्या भागावर सर्वांत जास्त भार आहे नेमके तिथे, आणि तो आतून गंजतो. म्हणून अशी गाडी बघायला जाणाऱ्याने आधी रंग पाहू नये. काचा वर करून दार मिटावे, दोन काचांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहावे, मग गुडघ्यावर बसून उंबरा बोटाने ठोकावा.

आता एक कबुली. बारा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ठामपणे लिहिले होते की, अमेरिकन सरकारच्या सुरक्षा कायद्याने हार्डटॉप मारली. अनेक पुस्तकांत तसेच छापलेले असते. मी तेच उतरवले. नंतर तारखा एकापुढे एक मांडल्या तेव्हा मांडणी डळमळू लागली. मोटार सुरक्षेचा कायदा १९६६चा. छताच्या मजबुतीचे मानक, क्रमांक २१६, १९७१ मध्ये जाहीर झाले आणि १ सप्टेंबर १९७३ पासून लागू झाले. छताच्या पुढच्या कोपऱ्यावर गाडीच्या रिकाम्या वजनाच्या दीडपट किंवा ५,००० पौंड, यांपैकी जे कमी असेल तेवढा दाब द्यायचा आणि छत पाच इंचांहून जास्त दबता कामा नये, अशी ती चाचणी. कन्व्हर्टिबलला सूट होती, हार्डटॉपला नव्हती.

मग हार्डटॉप त्या दिवशी बंद पडल्या का? नाही. जनरल मोटर्सच्या मोठ्या चार दारी हार्डटॉप १९७६ पर्यंत निघत होत्या. क्रायसलरच्या न्यूपोर्ट आणि न्यू यॉर्कर १९७८ पर्यंत टिकल्या. म्हणजे खांबाशिवायही ती चाचणी पार करता येत होती. उलट, जनरल मोटर्सने आपल्या मध्यम आकाराच्या गाड्यांना १९७३च्या मॉडेलपासूनच, मानक लागू होण्याआधीच, खांब परत बसवला होता. पुढे आणखी कडक नियम येतील ही धास्ती त्यामागे होतीच. पण माझ्या मते मोठा वाटा वातानुकूलनाचा. साठचे दशक संपताना अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या निम्म्याहून अधिक नव्या गाड्यांत ते बसवलेले असे. काच खाली करायचीच नसेल, तर त्या मोकळ्या चौकटीसाठी गळके रबर आणि जादा पोलाद कोण सोसणार? कायद्याने धक्का दिला, पण गिऱ्हाईक आधीच काच वर करून बसले होते.

पुतण्याला मी सांगितले, फायरवॉलवरच्या पट्टीचा फोटो मागव. गाडीच्या क्रमांकावरून हे कळत नाही. आठ सिलिंडरच्या बेल एअरचा क्रमांक 'व्हीसी५७'नेच सुरू होतो, मग खांब असो वा नसो. बॉडीच्या पट्टीवर मात्र शैलीचा आकडा असतो. दोन दारी हार्डटॉप असेल तर ५७-१०३७डी. फोटो आला. ५७-१०११डी. दोन दारांची सेडान.

विकणारा लबाड नव्हता. वडिलांकडून आलेली गाडी, घरात सगळे तिला हार्डटॉपच म्हणत. पट्टीचा अर्थ समजल्यावर त्याने जाहिरात बदलली आणि किंमतही उतरवली. गंमत अशी की १९५७ साली बेल एअरच्या दोन दारी हार्डटॉप १,६६,४२६ निघाल्या आणि दोन दारी सेडान ६२,७५१. दुर्मीळ ती स्वस्त, मुबलक ती महाग. शर्यतीसाठी शेव्हरोलेने त्या वर्षी ज्या 'ब्लॅक विडो' गाड्या सजवल्या, त्यासुद्धा १५० मालिकेतल्या साध्या, खांबवाल्या सेडान होत्या.

पुतण्याने गाडी घेतली, सेडान म्हणून आणि सेडानच्याच भावात. ऑक्टोबरात तिकडे दोन दिवस मुसळधार पाऊस झाला तेव्हा मी फोन करून विचारले, आत पाणी आले का?

"थोडंसं, काका. पण ते डिकीत."