चिकाचे मोल

वसुबारसेला आमच्या घरी आजही दूधतूप वर्ज्य असते. बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी एवढाच बेत. पूर्वी तिन्हीसांजेला अंगणातच गाय-वासरू उभे असे. आता चाकणच्या अंगाला इतके कारखाने झाले आहेत की, सवत्स धेनू शोधीत आमच्या सौभाग्यवतीला ताट घेऊन दोन आळ्या ओलांडाव्या लागतात. त्या ताटातल्या निरांजनाकडे पाहिले की मला हटकून एक म्हैस आठवते. गायीच्या सणाला म्हैस आठवावी हे शास्त्राला धरून नाही. पण आमचे घर त्या म्हशीवर चालत होते.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा होतो. म्हैस तिसऱ्या वेताची. रात्री सुखरूप व्याली, पहाटे आजोबांनी चरवी भरून चीक काढला आणि दुपारी चुलीवर खरवस चढला. गुळाचा नि वेलदोड्याचा वास साऱ्या घरात दरवळत होता. इतक्यात गोठ्यातून हाक आली. म्हैस खाली बसली होती आणि मान वळवून तिने कुशीवर टाकली होती. कान गार, डोळे तारवटलेले. आजीने मीठमिरच्या ओवाळून टाकल्या, चुलत्यांनी शेपूट पिरगाळले, पण म्हैस हलेना. आजोबा उंबऱ्यावर बसून राहिले. सोसायटीचे कर्ज, आत्याचे लग्न आणि माझ्या शाळेची फी अशी सगळी त्या दावणीला बांधलेली होती.

तालुक्याहून गुरांचे डॉक्टर फटफटीवरून आले. त्यांनी एक बाटली कोमट पाण्यात ठेवून ऊबवली, म्हशीच्या मानेतली शीर शोधली आणि औषध सावकाश सोडू लागले. दुसरा हात तिच्या छातीवर. "घाई केली तर काळीज बंद पडेल," एवढेच बोलले. बाटली निम्मी झाली तशी म्हशीच्या अंगावरून थरथर गेली. मग तिने ढेकर दिली, शेण टाकले, आणि घटकाभराने चारी पायांवर उभी राहून रेडकाकडे पाहून ओरडली.

"डॉक्टरसाहेब, काय होतं हो बाटलीत?" आजोबांनी विचारले.

"चुना, बाबा. तुम्ही पानाला लावता त्याचा भाऊबंद. सकाळी चरवीतून काढून नेलात, तोच परत दिला."

या वाक्याचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी पुस्तके चाळताना लागला. एका गायीच्या साऱ्या रक्तात एका वेळी तीन-चार ग्रॅमच कॅल्शियम फिरत असते. दहा लिटर चिकात मात्र वीस ग्रॅमहून अधिक निघून जाते! हाडांत किलोंनी साठा आहे, पण ती कोठी उघडायला एक-दोन दिवस लागतात, आणि तिची किल्ली ड जीवनसत्त्वाच्या हाती. तोवर रक्त कंगाल होते, स्नायू लुळे पडतात. याला दुग्धज्वर म्हणतात. नाव फसवे आहे, कारण यात ज्वर नसतो. उलट अंग गार पडते.

या रोगाचा इतिहास मोठा गमतीचा आहे. युरोपातल्या दुभत्या गायी यात निम्म्याहून अधिक मरत. १८९७ साली डेन्मार्कमधील कोल्डिंग गावच्या श्मिट नावाच्या पशुवैद्याला वाटले की, विष कासेतच तयार होत असावे. म्हणून त्याने सडांतून आयोडीनचे औषध आत भरले. गायी उठल्या! पुढे कोणी प्राणवायू भरून पाहिला, कोणी नुसती हवा. गायी तरीही उठत. मग काय, पंप घेऊन कासेत हवा भरणे हाच उपचार सर्वत्र रूढ झाला. विषाची कल्पना साफ चुकीची, पण इलाज खरा. कारण फुगलेल्या कासेत दूध उतरत नाही आणि रक्तातला चुना रक्तातच राहतो. १९२५ साली एडिंबरोच्या ड्रायर आणि ग्रेग यांनी कॅल्शियमचे कारण मांडले आणि पुढच्या दहा वर्षांत ती बाटली आली. चुकीच्या कारणासाठी केलेले योग्य काम मी शाळेत मुलांच्या गणितातही पाहतो. तिथे मात्र गुण कापावे लागतात.

आमच्या भागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहिले आणि पुढे चाकणही त्या वाटेने गेले. गायराने गेली. डोंगरउतारावर दहा जातींचा पाला ओरबाडून आपली गरज आपणच भागवणारे जनावर पत्र्याखाली बांधले गेले. पुढ्यात काय, तर कडबा नाहीतर उसाचे वाढे. वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते कॅल्शियमला असे बांधून ठेवते की पोटात गेलेला चुना अंगी लागतच नाही. हिरवा चारा कमी म्हणजे अ जीवनसत्त्वही कमी. म्हणून खनिज मिश्रणाची पुडी आली. ती चैन नव्हे. गेलेल्या गायरानाचा तो उसना मोबदला आहे.

आणि येथेच पिंपरीची आठवण येते. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ साली तेथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. दुसऱ्याच वर्षी मोठमोठ्या टाक्यांत बुरशी आंबवून पेनिसिलिन निघू लागले. म्हशीच्या पोटातही अशीच एक आंबवणीची टाकी असते. चाऱ्यातून चिमूटभर कोबाल्ट मिळाले की तिथले सूक्ष्म जीव ब-१२ जीवनसत्त्व घडवतात. कोंबडीपाशी ती टाकी नाही, तिला ते आयते द्यावे लागते. ब-१२ हाती आले १९४८ साली. त्यानंतर लवकरच अमेरिकेत स्टोकस्टॅड आणि ज्यूक्स यांनी ऑरिओमायसिन काढून उरलेला चोथा ब-१२ साठी म्हणून पिलांना घातला. पिले अपेक्षेबाहेर वाढली. ती करामत जीवनसत्त्वाची नव्हती, चोथ्यात राहिलेल्या औषधाची होती! झाले. जगभर निरोगी जनावरांच्या खाद्यात प्रतिजैविके पडू लागली. जंतू त्यांना सरावले, आणि माणसांच्या आजारातही ती औषधे बोथट होऊ लागली. युरोपने २००६ साली वाढीसाठीचा हा वापर बंद केला. आपल्याकडे २०१९ साली कोलिस्टिन हे अखेरच्या उपायाचे औषध पशुखाद्यात घालण्यास मनाई झाली.

आमच्या आजोबांनी त्या वेतापासून एक नेम केला. पहिले दोन दिवस कास पुरती पिळायची नाही. खरवस कमी झाला, आम्ही पोरे कुरकुरलो. पण ती म्हैस पुढे आणखी चार वेते व्याली.

परवा सौभाग्यवतीबरोबर मीही ताट घेऊन गेलो. कंपनीच्या भिंतीला लागून एक गोठा उरला आहे. मालक माझाच जुना विद्यार्थी. पूजा झाल्यावर त्याने फळीवरची पुडी काढून माझ्या हाती दिली. अक्षरे बारीक होती. मी चष्मा लावून वाचू लागलो : कॅल्शियम, फॉस्फरस, जस्त, तांबे, कोबाल्ट...

"गुरुजी, यात औषध तर नाही ना घातलेलं?" त्याने विचारले.

मी पुडी दिव्याखाली धरून पुन्हा पहिल्यापासून वाचली. नव्हते.