प्रौढांसाठी पायाने ढकलत चालवायची स्कूटर : निवडीचे निकष

पायाने ढकलत चालवायची घडीची स्कूटर स्वित्झर्लंडचे उद्योजक विम आउबोटर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस लोकप्रिय केली. युरोपातील शहरांमध्ये रेल्वे स्थानक ते कार्यालय या अंतरासाठी प्रौढही ती वापरतात. निवड करताना हलक्या वजनापेक्षा चाकाच्या व्यासाला प्राधान्य द्यावे. १०० मिलिमीटरचे चाक पदपथाच्या भेगेत अडकून चालक पुढे फेकला जाण्याचा धोका असतो. २०० मिलिमीटरचे चाक अशी भेग अधिक सहजपणे ओलांडते. पाय ठेवण्याची फळी जमिनीपासून जितकी कमी उंचीवर, तितका गुडघ्यावरील ताण कमी होतो. मागील चाकावरचा पायाने दाबायचा ब्रेक पावसात कमी प्रभावी ठरत असल्याने उताराच्या मार्गावर हातब्रेकही आवश्यक आहे. कमाल भारमर्यादा तपासताना पाठीवरील पिशवीचे वजनही धरावे.