प्रसूती : दैवाधीन घटनेकडून सामाजिक कर्तव्याकडे

इतिहासाच्या ग्रंथांत युद्धांना, तहांना व राजवंशांना विपुल जागा मिळते. परंतु ज्या वेदनेतून प्रत्येक मनुष्य या जगात येतो त्या वेदनेला इतिहासकारांनी क्वचितच स्थान दिले आहे. गर्भधारणा व प्रसूती हा स्त्रीच्या नशिबाचा भाग मानला गेला. बाळंतीण दगावली तर ते दैव, मूल गेले तर ते पूर्वकर्म, आणि सुखरूप सुटका झाली तरी दहा दिवसांचा विटाळ, अशी या देशातील रूढ समजूत होती. या समजुतीला धम्माने आणि पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोणते उत्तर दिले, याचा विचार आम्ही प्रस्तुत लेखात करीत आहोत.

प्रथम पाली साहित्याकडे वळू. महामायेची कथा आपल्या वाचकांना विदित आहेच. प्रसूतीसाठी माहेरी देवदहास निघालेली ही राणी वाटेत लुंबिनीच्या वनात प्रसूत झाली आणि सातव्या दिवशी तिचा अंत झाला. सिद्धार्थाचे संगोपन महाप्रजापती गौतमीने केले. बुद्धचरित्राचा आरंभच असा एका मातेच्या मृत्यूने झाला आहे. राजकुळातील स्त्रीलाही प्रसूती किती संकटाची होती, हे या कथेतून दिसते.

मज्झिम निकायातील अंगुलिमाल सुत्तात दुसरा प्रसंग आहे. श्रावस्तीत भिक्षाटन करीत असता भिक्खू अंगुलिमालाने अडलेली एक स्त्री पाहिली व त्याचे चित्त कळवळले. त्याने तथागतांना ते निवेदन केले. तथागतांनी त्याला तिच्याकडे परत पाठविले आणि आर्यजन्म घेतल्यापासून आपण जाणूनबुजून कोणत्याही प्राण्याचा जीव घेतलेला नाही, या सत्याच्या आधारे तिचे व तिच्या गर्भाचे कल्याण चिंतावयास सांगितले. श्रीलंका, म्यानमार व थायलंड या देशांत गर्भवतीसाठी अंगुलिमाल परित्ताचे पठण होते ते या कथेवरून. या कथेत प्रसववेदनेने व्याकूळ झालेली स्त्री विटाळलेली मानलेली नाही. भिक्खूने तिच्यापासून दूर जावे असे शास्त्यांनी सांगितले नाही. तिच्याकडे जा, असे सांगितले. आमच्या मते कथेतील चमत्काराहून ही आज्ञाच अधिक मोलाची आहे.

तिसरी कथा कुमार कस्सपाच्या मातेची. प्रव्रज्या घेताना आपण गर्भवती आहोत हे तिला ठाऊक नव्हते. पुढे गर्भ दिसू लागला तेव्हा देवदत्ताने चौकशी न करताच तिला घालवून दिले. तथागतांनी मात्र प्रकरण उपालीकडे सोपविले. उपालीने विशाखेला पाचारण केले. अनुभवी विशाखेने पडद्याआड त्या भिक्खुणीची तपासणी केली, दिवस-महिन्यांचा हिशेब मांडला आणि गर्भधारणा प्रव्रज्येपूर्वीची असल्याचे सिद्ध केले. निर्णय लोकापवादावर झाला नाही, पुराव्यावर झाला. आणि तो पुरावा एका जाणत्या स्त्रीने दिला. अट्ठकथेतील ही कथा ऐतिहासिक घटना म्हणून कितपत घ्यावी, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु बौद्ध परंपरेने न्यायाचा आदर्श कोणता मानला, हे तीवरून निश्चित कळते.

बौद्ध धम्म या भूमीतून लोपल्यावर हा आदर्शही लोपला. आधुनिक महाराष्ट्रात तो पुन्हा दिसतो तो महात्मा जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या कार्यात. १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले. फसविल्या गेलेल्या विधवेने तेथे यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. १८७४ मध्ये तेथे बाळंत झालेल्या काशीबाईंचा मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. तोच पुढे डॉ. यशवंत झाला. जिला समाज अपराधी ठरवीत होता तिच्या बाळंतपणाची जबाबदारी या दांपत्याने आपल्या शिरावर घेतली.

जोतीरावांना गुरू मानणाऱ्या बाबासाहेबांनी ही जबाबदारी कायद्याच्या कक्षेत आणली. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईच्या गिरण्यांत रीळ व वाइंडिंग खात्यांतून हजारो स्त्रिया काम करीत. दिवस भरेपर्यंत त्या साच्यापाशी उभ्या राहत, कारण खाडा झाला की मजुरी बुडे. बाळंत होऊन थोड्याच दिवसांत कामावर परतताना मूल निजून राहावे म्हणून त्याला अफूची बाळगोळी देण्याची चाल होती. ना. म. जोशी यांनी १९२४ मध्ये केंद्रीय विधिमंडळात प्रसूती साहाय्याचे विधेयक मांडले. ते १९२५ मध्ये फेटाळले गेले. पुढे मुंबई विधिमंडळात असे विधेयक आले तेव्हा २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा देणारे भाषण केले. प्रसूतीपूर्वी व प्रसूतीनंतर मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार वास्तविक सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. मात्र पुरुषांऐवजी स्त्रिया ठेवण्यात मालकाचा विशेष फायदा असतो. तो फायदा घेणाऱ्याने काही भार सोसणे न्याय्यच आहे, असेही त्यांनी बजावले. १९२९ मध्ये हा कायदा मुंबई प्रांतात लागू झाला. प्रसूतीपूर्वी ३ व नंतर ४ असे ७ आठवडे दररोज ८ आणे, एवढीच त्याची देणगी होती. ती तुटपुंजी होती. पण बाळंतिणीची विश्रांती ही दया नसून हक्क आहे, हे तत्त्व तीमुळे कायद्यात आले.

विश्रांतीच्या हक्काहून अधिक मूलगामी प्रश्न होता तो मूल हवे की नको हे ठरविण्याचा. र. धों. कर्वे यांनी १९२१ पासून मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालविले व १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले. १९३४ च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र बाबासाहेबांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोकनिंदेची पर्वा न करता बाबासाहेब त्यांच्या बाजूने उभे राहिले.

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाच्या साधनांचा प्रसार सरकारने करावा असा ठराव मांडला. त्यावेळचे भाषण बाबासाहेबांनी तयार केलेले होते. प्रसूतीच्या वेदना पुरुषांना भोगाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक अपत्यास कोणीही पुरुष राजी झाला नसता, असा परखड युक्तिवाद त्यात आहे. एखाद्या स्त्रीला कोणत्याही कारणाने मूल नको असेल तर गर्भधारणा टाळणे तिला शक्य असले पाहिजे आणि अपत्यजन्म सर्वस्वी स्त्रीच्या इच्छेवर अवलंबून असावा, हे त्यातील सूत्र होय. ठराव नामंजूर झाला.

या दोन भाषणांतील अंतराकडे आम्ही अभ्यासकांचे लक्ष वेधू इच्छितो. १९२८ मध्ये आधार राष्ट्रहिताचा आहे. १९३८ मध्ये राष्ट्रहिताच्या जोडीला स्त्रीची स्वतःची इच्छा हा स्वतंत्र आधार उभा राहिला आहे. हा विचार केवळ ग्रंथांतून आलेला नव्हता. भीमाबाईंचे चौदावे अपत्य असलेल्या बाबासाहेबांनी बालपणीच आई गमावली होती, आणि रमाईसह त्यांनी आपली चार अपत्ये गमावली होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत, सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली जमलेल्या स्त्रियांना त्यांनी फार मुले न होऊ देण्याचा व पतीची मैत्रीण म्हणून बरोबरीने वागण्याचा उपदेश केला, तो याच भूमिकेतून.

मजूर सदस्य असताना १९४३ व १९४५ मध्ये त्यांनी खाणकामगार स्त्रियांच्या प्रसूती साहाय्याच्या कायद्यात दुरुस्त्या घडवून आणल्या. त्याच काळात, युद्धाच्या निकडीपोटी, स्त्रियांनी भूमिगत खाणीत काम करण्यावरील बंदी १९४३ मध्ये उठविली गेली व १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली, हेही इतिहासाने नोंदविले पाहिजे. खाली उतरणाऱ्या गर्भवतीला संरक्षण देणे त्यामुळे अधिकच निकडीचे झाले होते. पुढे संविधानाच्या अनुच्छेद ४२ ने प्रसूती साहाय्याची तरतूद करणे हे राज्याचे कर्तव्य ठरविले. १९६१ च्या कायद्याने १२ आठवड्यांची व २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा दिली. या तरतुदी २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाल्या.

परंतु ही रजा हजेरीपटावर नाव असणाऱ्या स्त्रीची. बांधकामावर विटा वाहणारी, सफाईचे काम कंत्राटावर करणारी, उसाच्या फडात कोयता चालविणारी आमची भगिनी बहुधा तिच्या बाहेरच राहते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला. खाडा परवडत नाही म्हणून गर्भाशयच काढून टाकण्याची पाळी जिच्यावर येते, तिच्यापर्यंत १९२८ चे तत्त्व अद्याप पोहोचलेले नाही, असेच म्हणावे लागते.

आपल्या विहारांत गर्भमंगल संस्कार होतो. तो जरूर व्हावा; परित्तपठणाने गर्भवतीच्या मनाला धीर येतो. पण धीर हा उपचाराला पर्याय नाही. त्या प्रसंगी जमलेल्या उपासक-उपासिकांनी तिची नोंदणी दवाखान्यात झाली काय, तिच्या रक्ताची तपासणी झाली काय, कामावरून तिला विश्रांती मिळते काय, आणि हे मूल तिच्या इच्छेने येत आहे काय, हे चार प्रश्न अवश्य विचारावेत. शास्त्यांनी अंगुलिमालाला त्या अडलेल्या स्त्रीकडे परत पाठविले होते. त्या आज्ञेचे पालन आज करावयाचे तर विहाराच्या दारातून तिच्या वस्तीपर्यंत चालत गेले पाहिजे.