बहुव्याधिता आणि वार्धक्यातील शारीरिक कार्यक्षमता

बहुव्याधिता : एकाच व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार एकाच वेळी असणे. मधुमेह, उच्च रक्तदाब, गुडघ्यांचा संधिवात, हृद्रोग, दमा, मोतीबिंदू, बहिरेपण, नैराश्य आणि स्मृतिभ्रंश हे त्यातले नेहमीचे भिडू. कोविडच्या साथीत वर्तमानपत्रांनी घरोघर पोचवलेला ‘सहव्याधी’ हा शब्द याच्या जवळचा असला, तरी अर्थाने थोडा वेगळा आहे. सहव्याधीत एक आजार मुख्य धरून बाकीचे त्याच्या सोबतीला मोजतात. अमेरिकन वैद्य ॲल्व्हन फाइनस्टाइन यांनी १९७० मध्ये ही कल्पना मांडली ती याच अर्थाने. बहुव्याधितेत मुख्य कोण नि दुय्यम कोण हे ठरवलेले नसते, आणि सत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या बाबतीत ते ठरवणे बऱ्याचदा शक्यही नसते.

शारीरिक कार्यक्षमता म्हणजे नुसती अंगातली ताकद नव्हे. उठबस, आंघोळ, चालणे, जिना चढणे, बाजारहाट ही कामे दुसऱ्याच्या आधाराविना जमणे, असा तिचा अर्थ. ‘हातपाय चालते आहेत तोवर ठीक’ असे घरातली म्हातारी माणसे म्हणतात, तेव्हा त्यांना हेच म्हणायचे असते. आजार वाढतात तशी कार्यक्षमता सर्वसाधारणपणे घटते, पण हे गणित सरळ नाही. रक्तदाब, थायरॉइड आणि कोलेस्टेरॉल असे तीन आजार फायलीत असलेले गृहस्थ रोज सकाळी टेकडी चढून येतात. गुडघे आणि डोळे अशी दोनच दुखणी असलेल्या बाई उंबऱ्याबाहेर पडेनाशा होतात. कोणते आजार जोडीला आले, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

आजार एकमेकांना कसे ओढतात, हे एका नेहमीच्या चित्रावरून कळते. पंचाहत्तरीच्या बाई, बीपी, शुगर आणि धरलेले गुडघे. गुडघे दुखतात म्हणून चालणे कमी, चालणे कमी म्हणून साखर चढती. साखरेने तळपायांच्या नसा बधिर झालेल्या, त्यामुळे पायातली चप्पल कधी निसटली हे कळत नाही. बीपीसाठी सकाळी घेतलेली लघवीची गोळी तासाभरात दोनतीनदा उठवते. मग एसटीने लेकीकडे जायचे असले की त्या दिवशी गोळीही चुकते आणि पाणीही पोटात जात नाही. गुडघ्यांसाठी दुकानातून परस्पर आणलेली वेदनाशामक गोळी बीपी वाढवते, आणि लघवीची गोळी नि काही रक्तदाबाची औषधे यांच्या जोडीने घेतली तर मूत्रपिंडावर ताण आणते. उकिडवे बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, कारण उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा खालचा १० अंकांनी उतरतो. हा बदल टिपायचा तर रुग्णाला आधी आडवे आणि मग उभे करून रक्तदाब मोजावा लागतो. गर्दीच्या दवाखान्यात तो बहुधा बसल्याबसल्याच मोजला जातो. पुढे एकदा न्हाणीघरात पाय घसरतो. हाड मोडले नाही तरी धास्ती बसते, आणि धास्तीने उरलेसुरले चालणेही थांबते. या साखळीत एकही आजार जिवावर बेतणारा नाही, तरी वर्षभरात बाई परावलंबी होतात.

कार्यक्षमता मोजण्याचे पहिले सर्वमान्य माप क्लीव्हलंडचे. सिडनी कॅट्झ आणि सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा मूलभूत कामांची पट्टी मांडली : आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून वा खुर्चीतून उठणे, मलमूत्रावर ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणे. रुग्णांच्या निरीक्षणातून त्यांना दिसले, की ही कामे सुटण्याला एक क्रम असतो. आंघोळ सहसा सर्वांत आधी सुटते, जेवणे सर्वांत शेवटी. आंघोळ आधी का, याचे उत्तर आपल्याकडच्या न्हाणीघरात चटकन सापडते : ओली फरशी, बुटके स्टूल, भरलेली बादली, वाकून घ्यायचा तांब्या आणि धरायला फक्त नळ. पॉवेल लॉटन आणि एलेन ब्रोडी यांनी १९६९ मध्ये फोन, खरेदी, स्वयंपाक, औषधे घेणे, पैशांचे व्यवहार अशा आठ कामांची दुसरी पट्टी दिली. तिच्या मूळ रूपात पुरुषांना स्वयंपाक, घरकाम आणि धुणे या तीन बाबी विचारतच नसत. आपल्याकडेही ही अडचण आहेच. आजोबांना चहा करता येत नाही तो हात थरथरतात म्हणून, की उभ्या जन्मात कधी गॅस पेटवला नाही म्हणून, हे प्रश्नावलीतून कळणे कठीण.

प्रश्न विचारण्यापेक्षा करून दाखवायला सांगणे अधिक भरवशाचे. १९९४ मध्ये जॅक गुराल्निक आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीन गोष्टी पाहतात : पावले जुळवून तोल सांभाळणे, काही मीटर नेहमीच्या चालीने चालणे, आणि हात न टेकता खुर्चीतून पाच वेळा उठणे. गुण ० ते १२. मात्र या सगळ्या मापांच्या मुळाशी खुर्ची, पलंग आणि कमोड आहेत. जमिनीवर मांडी घालून जेवणाऱ्या आणि देवापुढे खाली बसणाऱ्या माणसाची उठबस त्यांत येत नाही. ब्राझीलमध्ये क्लॉदिओ आराउजो यांनी वापरलेली जमिनीवर बसून उठण्याची चाचणी म्हणून आपल्याला जवळची वाटते : पूर्ण गुण १०, आणि बसताउठताना हात, गुडघा टेकला की प्रत्येक टेक्याला एक गुण वजा. ५१ ते ८० वर्षे वयाच्या २,००२ व्यक्तींच्या अभ्यासात कमी गुण मिळालेल्यांमध्ये पुढील काही वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण बरेच जास्त आढळले.

बहुव्याधितेशी नेहमी गल्लत होते ती जर्जरतेची. लिंडा फ्रीड यांच्या गटाने २००१ मध्ये तिच्या पाच खुणा सांगितल्या : नकळत घटलेले वजन, थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी हालचाल. तीन किंवा अधिक असल्या की जर्जरता. आजारांची यादी लांब असूनही माणूस जर्जर नसू शकतो, उलटही घडते.

व्याप्तीविषयी सर्वांत जास्त उद्धृत होणारा अभ्यास स्कॉटलंडचा आहे (२०१२). सुमारे साडेसतरा लाख लोकांच्या नोंदींवरून दिसले, की ६५ वर्षांपर्यंत बहुतेकांना बहुव्याधिता गाठते, आणि अत्यंत गरीब वस्त्यांत ती सुखवस्तू वस्त्यांपेक्षा १० ते १५ वर्षे आधी येते. भारतात मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने चालवलेल्या, वार्धक्याविषयीच्या ‘लासी’ पाहणीची पहिली फेरी २०१७-१८ मध्ये झाली. तीत ४५ वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोक होते. साठीपुढच्यांत सुमारे २७ टक्क्यांना बहुव्याधिता आढळली. हा आकडा स्कॉटलंडच्या मानाने कमी दिसतो, पण तिथल्या नोंदी दवाखान्यांतल्या, इथल्या बऱ्याचशा लोकांनी सांगितलेल्या. ज्याचा रक्तदाब कधी मोजलाच नाही त्याला रक्तदाब नाही, असे कागदावर होते. ‘काय जमत नाही’ या प्रश्नाला निदान लागत नाही. म्हणून आपल्या देशात कार्यक्षमतेचे माप आजारांच्या यादीपेक्षा अधिक खरे बोलते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उपचारांची मोठी अडचण म्हणजे वैद्यक अवयवांनुसार वाटलेले आहे. सिंथिया बॉइड आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक काल्पनिक ७९ वर्षांची बाई घेतली. तिला मधुमेह, उच्च रक्तदाब, संधिवात, हाडांचा ठिसूळपणा आणि फुप्फुसांचा जुनाट विकार. प्रत्येक आजाराची मार्गदर्शक तत्त्वे तंतोतंत पाळली, तर तिला १२ औषधे घ्यावी लागतात आणि पथ्ये एकमेकांना छेद देतात, असे त्यांनी दाखवले. त्यामुळे सगळ्या गोळ्या एका टेबलावर मांडून कोणती बंद करता येईल हे पाहणे हाही उपचारच ठरतो.

व्यायामाचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, आणि तोच सर्वांत दुर्लक्षित. बॉस्टनमध्ये मारिया फियातारोने यांनी सरासरी ९० वर्षांच्या, वृद्धाश्रमातल्या अशक्त मंडळींकडून आठ आठवडे पायांनी वजने उचलून घेतली, तेव्हा पायांची ताकद दुपटीहून अधिक वाढली (१९९०). उलट, धडधाकट वृद्धांना दहा दिवस नुसते अंथरुणात ठेवले, तर पायांचे जवळजवळ एक किलो मांस झडते (२००७). ‘आता आराम करा’ हा घरच्यांचा प्रेमळ सल्ला त्यामुळे महागात पडू शकतो.

शासकीय योजनांत ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून आयुष्मान भारतखाली वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. रोजच्या गोळ्यांचा खर्च घरचाच. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील, वार्षिक दोन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्यातून घ्यायच्या वस्तूंच्या यादीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, घडीचा वॉकर, गुडघ्याचा पट्टा, कंबरपट्टा आणि कमोडची खुर्ची आहे.