हृद्रोगाची बीजे : पुण्याजवळील सहा गावे

हृदयाच्या स्नायूस रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या प्रौढपणी अरुंद होतात. या विकाराची बीजे मात्र पुष्कळ आधी पडत असावीत. वर्षाच्या वयात ज्यांचे वजन कमी होते ते पुढे हृद्रोगास अधिक बळी पडले, असे डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये हर्टफर्डशायरच्या नोंदींवरून दाखविले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून नजीकच्या सहा गावांतील गर्भवतींची पाहणी केली. तेथील अर्भके सरासरी २.७ किलोची, साउदॅम्प्टनची ३.५ किलोची, तथापि त्या कृश देहांत त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून होता, घटले होते ते स्नायू. हृद्रोग सुखवस्तूंचाच, ही समजूत येथे डळमळते. अर्थात एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. पालेभाज्या व फळे अधिक खाणाऱ्या मातांची अर्भके मोठी भरली, हेही त्याच पाहणीत आढळले.